स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे मापन

दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब मोठ्या धमनीतला असतो. स्नायूला प्रत्यक्ष प्राणवायू पुरवणाऱ्या धमनिका (धमनीच्या बारीक फांद्या), केशवाहिन्या (केसासारख्या सर्वांत बारीक वाहिन्या) आणि नीलिका (रक्त परत नेणाऱ्या बारीक नीला) यांतील दाब व रक्ताचे आकारमान रुग्णाच्या खाटेजवळच, सुई न टोचता अजमावण्याच्या पद्धती या नोंदीत दिल्या आहेत. सोलापूरकराला हा फरक उजनीच्या कालव्यावरून चटकन कळेल. धरण भरलेले असते, मुख्य कालवाही वाहत असतो, पण टेलच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी पोचले का, हे तिथे जाऊनच पाहावे लागते. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या रुग्णाचा रक्तदाब औषधांनी सावरला तरी हे टेल कोरडे राहू शकते.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ युजीन लँडिस यांनी 1930 मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिनीत अतिसूक्ष्म काचनळी घालून दाब मोजला. तो धमनीच्या बाजूला सुमारे 32, तर नीलेच्या बाजूला सुमारे 12 मिमी पारा भरला. स्नायू त्वचेखाली दडलेला, तिथे असे डोकावता येत नाही, म्हणून वाट आडवळणाची आहे.

पहिली पद्धत पट्ट्याची. हात किंवा पाय हृदयाच्या पातळीवर किंवा किंचित वर ठेवतात. वरच्या बाजूला पट्टा, खाली पोटरीभोवती किंवा कोपराखालच्या भागाभोवती ताण मोजणारी लवचीक नळी. आर. जे. व्हिटनी यांनी 1953 मध्ये अशी पारा भरलेली रबरी नळी वापरली होती. पट्ट्यातील दाब थोडा थोडा वाढवत नेला, तरी तो नीलेतील मूळ दाबाला ओलांडेपर्यंत काहीच घडत नाही. ओलांडला की रक्त परतायचे अडते, धमनीतून येत राहते आणि अवयव फुगू लागतो. परिघ 1 टक्का वाढला तर आकारमान सुमारे 2 टक्के वाढते. आधीची झपाट्याची वाढ म्हणजे वाहिन्यांत साठणारे रक्त. त्यानंतर रेंगाळत चालणारी संथ वाढ म्हणजे केशवाहिन्यांतून ऊतींत पाझरणारा द्रव. या पद्धतीचा खरा कस या दुसऱ्या भागात आहे. पाझर वाढलेला असेल, तर सलाईनच्या बाटलीमागून बाटली लावली तरी बराचसा द्रव शरीर सुजवण्यातच जातो.

दुसरी पद्धत प्रकाशाची. 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचे जवळ-अवरक्त किरण काही सेंटिमीटर खोल जातात आणि हिमोग्लोबिनचे एकूण प्रमाण व त्याची प्राणवायू-संपृक्तता (त्यातल्या किती भागाला प्राणवायू जोडलेला आहे ते) सांगतात. एकूण प्रमाणातील बदलावरून रक्ताचे आकारमान कळते. पट्टा काही मिनिटे पूर्ण आवळून सोडल्यावर संपृक्तता किती वेगाने सावरते, हेही पाहतात. चरबीचा जाड थर व त्वचेतील रंगद्रव्य यांमुळे हे मापन फसू शकते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने त्वचेतला रक्तप्रवाह वाढला की तो स्नायूच्या आकड्यात मिसळतो, त्यामुळे तापमान स्थिर असलेली खोली हवीच. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या पायाचे मापनही कामाची पाळी संपल्या संपल्या करू नये. स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब 90 मिमी पाऱ्यापर्यंत चढतो आणि पाय आधीच सुजलेले असतात. त्यांना आधी निजवून विश्रांती द्यावी. पायाच्या खोल नीलेत गुठळी असल्याची शंका असेल, तर त्या पायाला पट्टा आवळू नये.

अजून या पद्धती मुख्यतः संशोधनात वापरल्या जातात.