उभ्या विमानाचंही वय वाढतं

संग्रहालयातल्या जुन्या लढाऊ जेटसमोर उभं राहून कुणीतरी हमखास म्हणतं, "काय झालंय याला? इंधन भरा, बॅटरी जोडा, उडेल की!" त्यामागचा हिशेब सरळ वाटतो. विमान उडतं तेव्हा झिजतं, हे वीस वर्षं छपराखाली उभं आहे, म्हणजे वीस वर्षं झीज बंद आहे. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. उभ्या विमानाचंही वय वाढतं, आणि उडताना धातूत जे होऊन गेलंय ते विश्रांतीने भरून निघत नाही. माणसाचं थकलेलं शरीर झोपेने ताजंतवानं होतं, ॲल्युमिनियम होत नाही.

ब्रिटनचं व्हल्कन हे प्रचंड त्रिकोणी पंखांचं, चार इंजिनांचं बॉम्बर घ्या. त्यातलं एक्सएच ५५८ हे विमान हवाई दलाने १९९३ साली सोडून दिलं. लोकवर्गणी आणि मोठी अनुदानं यांच्या बळावर ते सुटं करून पुन्हा जोडलं गेलं आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी आकाशात गेलं. आठ वर्षं त्याने हवाई प्रदर्शनं गाजवली आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ते कायमचं खाली बसलं. तेव्हा इंजिनं चालू होती, वैमानिक तयार होते, चाहत्यांची गर्दीही ओसरली नव्हती. पण ज्या कंपन्या त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक जबाबदारी घेत होत्या त्यांनी हात काढून घेतला. चाहत्यांनी याला बाबूगिरी म्हटलं. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे सांगायचं तर पंखातल्या एका मिलिमीटरच्या तड्यापर्यंत जावं लागेल.

त्याआधी उभ्या विमानाचं थोडक्यात. विमानाचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं, त्यात तांबं, जस्त, मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. बळकटी त्यामुळेच येते आणि दुखणीही त्यामुळेच येतात. धातू सूक्ष्म कणांचा बनलेला असतो आणि या कणांच्या सीमांवर मिश्रणाचं प्रमाण आतल्यापेक्षा वेगळं असतं. ओलावा मिळाला की तिथे नखाएवढ्या जागेत हजारो चिमुकले विद्युतघट सुरू होतात आणि धातू सीमांवरून पोखरला जातो. तयार होणारा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पत्रे आतून फुगतात, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची (धातूच्या खिळ्यांची) डोकी ताणली जातात. वरचा रंग मात्र शाबूत. याहून वाईट प्रकार म्हणजे ताण आणि क्षरण (धातूचं गंजणं) यांची जोडगोळी. एखादा सुटा भाग घडवताना किंवा जोर लावून जागी बसवताना त्यात जो ताण अडकून राहतो तेवढा दमट हवेला पुरतो. विमान जागचं हललं नाही तरी तडा पुढे सरकत राहतो.

"पूर्वीच्यासारखी भक्कम यंत्रं आता बनत नाहीत" हे वाक्य ज्यांना फार आवडतं त्यांनी व्हल्कनच्याच पिढीतलं व्हॅलियंट हे बॉम्बर आठवावं. १९५५ साली ते सेवेत आलं. पुढे उंचावरून उडण्याऐवजी जमिनीलगतच्या खडबडीत हवेतून उडण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. १९६४ मध्ये एका व्हॅलियंटच्या पंखातली मागची तुळई, म्हणजे पंखाचा भार पेलणारा लांब दांडा, उडतानाच तुटली, मग बाकीची उघडून बघितली तर तडे सापडत गेले. जानेवारी १९६५ मध्ये सगळा ताफा भंगारात. जेमतेम दहा वर्षं! तुळईसाठी निवडलेला मिश्रधातू बळकट होता, पण याच दुखण्याला लवकर बळी पडणारा होता. विमानाला नजर लागते, अमुक क्रमांकाचं विमान अपशकुनी असतं, या गोष्टी वैमानिकांच्या जगातही चवीने सांगितल्या जातात. अशा 'अपशकुनी' विमानाचा पंख उघडला की आत बहुतेक वेळा अगदी साधं रसायनशास्त्र भेटतं.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे धातूच्या थकव्याकडे.

विमान जमिनीवर असतं तेव्हा पंख स्वतःच्या वजनाने आणि पोटातल्या इंधनाने खाली झुकलेले असतात. हवेत गेलं की विमानाचा सगळा भार तेच पंख उचलतात आणि वर वाकतात, त्यामुळे खालच्या बाजूचा पत्रा आणि तुळई ताणली जाते. उतरलं की पुन्हा उलट. हे झालं एक चक्र. प्रदर्शनातल्या तीव्र वळणात विमानाला स्वतःच्या वजनाच्या चौपट भार सोसावा लागला तर त्याला वैमानिक चार जी म्हणतात, आणि खालच्या तुळईवरचा ताणही साधारण चौपट होतो. यातला कुठलाही एक ताण धातू तोडण्याइतका नसतो. तरीही हजारो चक्रांनंतर धातू तुटतो. पोलादाच्या बऱ्याच प्रकारांत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर थकवा जवळजवळ येतच नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, लहान ताणही मोजलाच जातो.

सुरुवात होते भोकापासून. पत्र्याला गोल भोक पाडलं की त्याच्या काठावरचा ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो. हे गणिताने सिद्ध होतं आणि भोक लहान आहे की मोठं याने फरक पडत नाही. पंखात अशी हजारो भोकं असतात, प्रत्येक रिव्हेटचं आणि बोल्टचं एक. भोक गोल न राहता लांबट, टोकदार झालं तर ताण तिपटीवर न थांबता वाढतच जातो. तडा म्हणजे टोक अतिशय तीक्ष्ण असलेलं लांबट भोकच. त्या टोकाशी धातू प्रत्येक चक्रात थोडा फाटतो, मिटतो, पुन्हा फाटतो. तुटलेला भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर समांतर बारीक वळ्या दिसतात. अनुकूल परिस्थितीत एका चक्राची एक वळी, दोन वळ्यांतलं अंतर बऱ्याचदा मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, कमी. अपघात तपासणारे तज्ज्ञ या वळ्या मोजून तडा किती उड्डाणांपूर्वी सुरू झाला याचा अंदाज बांधतात.

तडा किती वेगाने वाढतो याचा नियम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल पॅरिस यांनी मांडला. प्रत्येक चक्रात तडा किती वाढेल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं, एक म्हणजे ताणातला चढउतार आणि दुसरी म्हणजे तड्याच्या लांबीचं वर्गमूळ. या गुणाकाराचा सुमारे तिसरा घात घ्यायचा. घातांक धातूनुसार तीन-चारच्या आसपास असतो, आपण सोयीसाठी तीन धरू.

या साध्या नियमातून दोन गोष्टी निघतात. पहिली वैमानिकासाठी. दोन जी ऐवजी चार जी ओढले तर ताण दुप्पट होतो, पण तडा दोनाच्या तिसऱ्या घाताने, म्हणजे आठपट वेगाने वाढतो. त्यामुळे प्रेक्षकांपुढची सात-आठ मिनिटं तिथवर शांतपणे उडत येण्याच्या तासाभरापेक्षा महाग पडू शकतात. विमानाच्या नोंदवहीतले उड्डाणतास म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगतात. ब्रिटिश लष्करी विमानांत याचसाठी एक छोटं यंत्र बसवलेलं असे. कितव्या जीची पातळी किती वेळा ओलांडली गेली ते ते मोजत राही, आणि त्यावरून खर्च झालेल्या आयुष्याचा निर्देशांक काढला जाई. शंभर झाला की खातं बंद. व्हल्कनच्या पंखांना २०१३-१४ च्या हिवाळ्यात जे मजबुतीचं काम केलं गेलं ते याच खात्यात थोडी शिल्लक टाकण्यासाठी होतं.

दुसरी गोष्ट तपासनिसासाठी आहे आणि ती मला फार देखणी वाटते. घातांक तीन धरून बेरीज केली तर असं दिसतं: पाव मिलिमीटरचा तडा एक मिलिमीटर व्हायला समजा आठशे उड्डाणं लागली. मग एकाचा चार मिलिमीटर व्हायला चारशे लागतील, चाराचा सोळा व्हायला दोनशे. दर वेळी लांबी चौपट, पण वेळ निम्मा. आकडा कल्पित आहे, प्रमाण खरं आहे. म्हणजे तड्याचं बहुतेक आयुष्य तो दिसत नाही तेव्हाच निघून जातं. सोळा मिलिमीटरला तुळई तुटणार असेल आणि तुमचं उपकरण एक मिलिमीटरचा तडा पकडत असेल तर हाताशी सहाशे उड्डाणं आहेत. चार मिलिमीटरपर्यंत काहीच दिसत नसेल तर फक्त दोनशे. तेवढ्यात किमान दोनदा तरी तपासणी व्हायला हवी, कारण एखादी तपासणी चुकू शकते.

(प्रत्यक्षात भानगडी आणखी आहेत. एखादाच मोठा झटका बसला तर तड्याच्या टोकाजवळचा धातू कायमचा ताणला जातो, भोवतालचा धातू त्याला दाबून धरतो, आणि पुढची काही चक्रं तडा चक्क मंदावतो! त्यामुळे भारांची नुसती यादी पुरत नाही, ते कुठल्या क्रमाने आले हेही लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्क्वाड्रनच्या कागदांत तो क्रम क्वचितच मिळतो.)

एक मिलिमीटरचा तडा, तोही भोकाच्या आत, दिसणार कसा? बोल्ट काढायचा, भोक पुसून घ्यायचं आणि पेन्सिलीएवढी फिरती शलाका हलकेच आत घालायची. तिच्या टोकाशी तारेचं बारीक वेटोळं असतं, त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो. शाळेत शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामाला येतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोकाच्या भिंतीत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. वाटेत तडा आला की प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो आणि त्याचा परिणाम उलट वेटोळ्यावर होतो. पडद्यावरचा स्थिर ठिपका उसळी मारतो. काम सुरू करण्याआधी तंत्रज्ञ मापाची मुद्दाम चीर पाडलेल्या ठोकळ्यावर उपकरण लावून ती उसळी किती उंच येते ते बघून घेतो. प्रवाहाची वारंवारता कमी केली तर खोलवरचं दिसतं पण धूसर, वाढवली तर स्पष्ट पण फक्त पृष्ठभागाजवळचं. अशी शेकडो भोकं. 'संगणक आता क्षणात तडे शोधतो' छापाच्या बातम्या वाचताना हे लक्षात असावं की बोल्ट अजून माणसालाच काढावा लागतो, आणि ओरखडा न पाडता परत बसवावा लागतो. ओरखडा पडला तर नव्या तड्याची सोय आपणच केली.

अमेरिकेच्या एफ-१११ विमानांसाठी यावर एक भन्नाट तोड निघाली. डिसेंबर १९६९ मध्ये जेमतेम शंभरेक तास उडालेल्या एका एफ-१११ चा पंख पोलादी जोडातल्या, घडवतानाच राहिलेल्या दोषामुळे तुटला. पोलाद थंडीत ठिसूळ होतं, म्हणजे तुटायला लहानसा तडाही पुरतो. म्हणून पुढे ही विमानं अतिथंड दालनात नेऊन त्यांच्या पंखांवर मुद्दाम प्रचंड भार टाकला जाई. तुटलं तर जमिनीवर तुटलं. टिकलं तर याचा अर्थ आत तडा असलाच तरी तो अमुक मापापेक्षा लहान आहे, आणि पॅरिसच्या नियमाने पुढचा काळ मोजता येतो. हौशी संस्थेला असं दालन परवडत नाही. तिला विमान बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या चाचण्यांचे कागद लागतात, ते वाचून सही करणारा अभियंता लागतो. व्हल्कन बनवणारी पिढी निवृत्त होत गेली आणि नेमकं हेच आटलं.

इंजिनाचं गणित वेगळं, पण जात तीच. तिथे चक्र म्हणजे सुरू करणं, पूर्ण ताकद, बंद करणं. एक्सएच ५५८ साठी वर्षानुवर्षं साठवलेली कोरी ऑलिम्पस इंजिनं मिळाली होती, नवी बनणार नव्हती. २८ मे २०१२ रोजी विमान उड्डाणासाठी धावत असताना ओलावा शोषून घेण्यासाठी हवेच्या वाटेत ठेवलेल्या आणि काढायच्या राहून गेलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या एका इंजिनाने ओढून घेतल्या. त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले. काही सेकंदांत दोन इंजिनं बाद. क्षरणापासून वाचवायला आणलेल्या वस्तूने केलेलं हे नुकसान!

इजेक्शन सीटबद्दल, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीबद्दल, थोडक्यात सांगतो. तिच्यातली स्फोटक काडतुसं नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली असतात. हा पदार्थ हळूहळू विघटित होतो, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटनाला आणखी वेग देतात. ते शोषून घेणारं रसायन सोबत घातलेलं असतं, पण तेही संपतं. म्हणून काडतुसांना मुदत असते. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये शोरॅम इथल्या प्रदर्शनात हंटर जेट रस्त्यावर कोसळून ११ जणांचा बळी गेला. त्याचं कारण कमी वेगात, कमी उंचीवर घेतलेली गिरकी हे होतं. तरी तपासात सीटची काडतुसं मुदत उलटलेली निघाली.

उरलेल्या व्हल्कनपैकी वेल्सबर्न आणि साउथएंड इथल्या दोन विमानांनी न उडता, धावपट्टीवर गर्जना करत धावून थांबण्याचे कार्यक्रम केले आहेत. उत्साही मंडळींना हे मिळमिळीत वाटतं. पण गणित बघा. पंखाने वजन उचललंच नाही, म्हणजे खालच्या तुळईवर ताणाचं मोठं चक्र पूर्ण होत नाही, आणि तड्याच्या खात्यावर जवळजवळ काहीच चढत नाही. ब्रेक आणि टायर झिजतात, ते बदलता येतात. इंजिनाच्या फिरत्या चकत्यांवर मात्र प्रत्येक धावेला एक चक्र चढतंच.