हॉलिवूडची काळी यादी मॅकार्थींची नव्हे

विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना समितीपुढे उभं करून देशोधडीला लावलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. ती चौकशी ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, समितीने केली. मॅकार्थी सिनेटचे, त्या समितीवर ते असूच शकत नव्हते. उत्तरं नाकारणाऱ्या दहा जणांवर अवमानाचा ठपका आला, स्टुडिओंनी त्यांना काम देणं बंद केलं (हीच ती काळी यादी), तेव्हा मॅकार्थी हे नाव देशाला फारसं माहीतही नव्हतं.

ते गाजले फेब्रुवारी १९५० मधल्या व्हीलिंग शहरातल्या भाषणाने, आणि त्यात रोख परराष्ट्र खात्यातल्या कथित कम्युनिस्टांवर होता. १९५३ मध्ये सिनेटची चौकशी उपसमिती हाती आल्यावर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ही सरकारी नभोवाणी आणि पुढे थेट लष्कर त्यांच्या माऱ्यात आलं. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटनेच ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला.

त्यांचा दोष यामुळे कमी होत नाही. पुराव्याविना त्यांनी अनेकांची आयुष्यं नासवली. पण सगळं खापर त्यांच्याच माथी फोडलं की स्टुडिओमालक आणि ती समिती नामानिराळे राहतात, हे मला जास्त खटकतं. १९४७ मध्ये तिचे अध्यक्ष पार्नेल थॉमस होते, आणि सदस्यांत तरुण रिचर्ड निक्सनही होते.