भुईआवळी (कावीळ आणि हिपॅटायटिस बी)
पावसाळ्यात बांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत आपोआप उगवणारं वीतभर रोप. डहाळी उलटी केली की पानांखाली मोहरीएवढे हिरवे आवळे ओळीने लटकलेले दिसतात, नाव त्यावरूनच पडलं. संस्कृतात भूम्यामलकी, तामलकी. कावीळीवर देतात हे घरोघरी माहीत आहेच.

खरा घोळ आहे तो शास्त्रीय नावाचा. जुन्या पुस्तकांत सगळीकडे फायलँथस निरुरी असं सापडतं, पण लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलेली निरुरी मुळात अमेरिका खंडातली, आणि १९८५ मध्ये मित्रा आणि जैन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की भारतात त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र धरल्या जात होत्या. हेच मत आता जास्त पटण्यासारखं वाटतं. अमारसच्या फुलाला परिदलं (पाकळीसारखे भाग) पाच, फ्रॅटर्नसला सहा, पण फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय मोजता येत नाही आणि बाजारात पाला वाळून चुरा होऊन येतो तेव्हा मोजायला काही उरतच नाही. फरक मात्र महत्त्वाचा, कारण फायलँथिन हे कडू लिग्नन (वनस्पतीतलं एक प्रकारचं रसायन) भरपूर मिळतं ते अमारसमध्ये.

हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या आजाराच्या विषाणूवर माणसांत झालेलं काम मद्रासमधलं. संशोधक त्यागराजन आणि हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालेले ब्लमबर्ग यांच्या गटाने १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की अमारसची २०० मिलिग्रॅम पावडर रोज तीनदा ३० दिवस घेतलेल्या ३७ वाहकांपैकी (विषाणू अंगात बाळगणाऱ्यांपैकी) २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रतिजन (संसर्ग ओळखण्याची खूण असलेलं प्रथिन) गेलं, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली पावडर घेतलेल्या २३ मध्ये फक्त एकाच्या. त्याआधी १९८७ च्या ब्लमबर्ग यांच्याच गटाच्या पेपरात प्रयोगशाळेत या वनस्पतीचा अर्क विषाणूचं डीएनए पॉलिमरेज (त्याच्या वाढीला लागणारं विकर) अडवताना दिसला होता, तिथे नाव निरुरीच छापलंय. पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमध्ये तसा परिणाम मिळाला नाही. जात, जमीन किंवा काढणीची वेळ वेगळी असेल असं काहीजण म्हणतात, पण २०११ च्या कॉक्रेन आढाव्यानेही (सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) पुरावा पुरेसा मानला नाही आणि तूर्त तेच धरून चालणं बरं.

एक गोष्ट मात्र कावीळ झालेल्या प्रत्येक घराला कळायला हवी. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस एची कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपण उतरते, मग श्रेय पाल्याला जातं. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं गप्प बसून लिव्हर खराब करू शकते, त्यामुळे डोळे पांढरे झाले तरी रक्ततपासणी केल्याशिवाय ती गेली असं धरू नये.