कपबशीचा किणकिणाट आणि चारचौघांची नजर

चहाची कपबशी पाहुण्यांसमोर नेताना हात थरथरू लागला की माणूस बशी अधिक घट्ट धरतो आणि नेमका तिथेच फसतो. अ‍ॅड्रिनलिनमुळे स्नायूंचा स्वाभाविक कंप आधीच वाढलेला असतो; त्यात बोटांचे आणि मनगटाचे स्नायू आवळले की तो आणखी वाढतो, आणि जो किणकिणाट कुणाच्या कानी पडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तोच बैठकीभर ऐकू जातो. चारचौघांच्या नजरेची भीती कशी टिकून राहते याचे इतके नेमके प्रात्यक्षिक दुसरे सापडणार नाही. ही भीती मुळात का वाटते, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. वर्षानुवर्षे लग्नकार्यात, कार्यालयात, वर्गात तोच प्रसंग अनुभवूनही ती कमी का होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी सोपे उत्तर पाहू. माणूस कळपात जगणारा प्राणी आहे आणि कळपाबाहेर पडणे हे त्याच्या पूर्वजांसाठी जिवावरचे संकट होते, त्यामुळे इतरांच्या नापसंतीची चाहूल लागताच मेंदूतील धोक्याची यंत्रणा जागी होते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली तयार झालेल्या एका चाचणीत हे मोजताही आले. या चाचणीत स्वयंसेवकाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर उभे राहून पाच मिनिटे भाषण करावे लागते आणि नंतरची पाच मिनिटे १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्याने आकडे सांगावे लागतात; चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याने लाळेतील कॉर्टिसोल या ताणसंप्रेरकाची पातळी दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलेली आढळली. पुढे २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणावरील २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कॉर्टिसोल सर्वाधिक वाढवणारी परिस्थिती कोणती ते स्पष्ट झाले: इतरांकडून मूल्यमापन होत आहे आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र येणे. तेव्हा चारचौघांत छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे किंवा चेहरा लाल होणे यात दुबळेपणा काही नाही. सभाधीट माणसाच्या शरीरातही यातले बरेच काही घडत असते.

फरक पडतो तो यानंतर. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार, भित्र्या माणसाचे लक्ष त्या क्षणी समोरच्यांवरून उडून स्वतःवर खिळते. नववधूला उखाणा घेण्याचा आग्रह झाल्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. जमलेल्या बायका हसत आहेत, कुणी तिला हळूच पहिला शब्दही सुचवते आहे; परंतु तिला यातले काहीच दिसत नाही, कारण तिचे सारे लक्ष स्वतःच्या तापलेल्या कानांकडे आणि कापऱ्या आवाजाकडे लागलेले असते. मग ती एक चमत्कारिक गोष्ट करते. आत जे जाणवते त्यावरून बाहेर काय दिसत असेल याचे चित्र रंगवते: कान तापले आहेत, म्हणजे चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला असणार, आवाज कापतो आहे, म्हणजे सगळ्यांना कीव येत असणार. कोपऱ्यात कुणी कॅमेरा लावून ठेवावा तशी ती स्वतःला बाहेरून पाहते, मात्र त्या कॅमेऱ्यातले चित्र तिच्या भीतीनेच काढलेले असते. समोरच्या चेहऱ्यांवर प्रत्यक्षात आपुलकी असली, तरी तो पुरावा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आणि पुरावा पोहोचू न देण्यात दुसरा मोठा वाटा असतो तो लाज झाकण्यासाठी योजलेल्या युक्त्यांचा. बैठकीत बोलण्यापूर्वी मनातल्या मनात वाक्य तीनदा घोळवणे, घाम दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही जाकीट न काढणे, नजरानजर टाळण्यासाठी मोबाइलमध्ये डोके खुपसणे, समारंभात सतत कामाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात घुटमळणे, अशा या युक्त्या असतात. मी स्वतः कितीतरी व्याख्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून दिली आहेत, त्यामुळे या यादीकडे मला परक्यासारखे पाहता येत नाही. या युक्त्यांचे दुखणे दुहेरी आहे. जाकिटामुळे घाम अधिकच येतो आणि वाक्ये घोळवणारा माणूस समोरच्याला तुटक किंवा शिष्ट वाटतो, हा झाला एक तोटा. दुसरा अधिक खोल आहे: प्रसंग निभावला, तरी त्याचे श्रेय युक्तीला जाते. टेबल धरले म्हणून वाचलो, असे मन नोंदवते. टेबल न धरताही काही बिघडले नसते, ही शक्यता तपासलीच जात नाही.

लोकांना खरोखर किती दिसते, याचा एक गमतीदार प्रयोग टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलो याचे मोठे चित्र असलेला, त्या वयाच्या मुलांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवण्यात आले. आपला टी-शर्ट जवळपास निम्म्या लोकांनी टिपला असेल, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता. याचीच बहीण म्हणावी अशी दुसरी चूक म्हणजे आतली घालमेल बाहेर स्वच्छ दिसते असे मानणे. केनेथ सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली दाखवले की, तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तितकी श्रोत्यांना दिसत नाही, एवढे भाषणापूर्वी समजावून सांगितले तरी वक्त्यांची भाषणे अधिक चांगली होतात.

अर्थात कॉर्नेलमधल्या खोलीतले निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या गावात आणून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तिथले विद्यार्थी आपापल्या वाटेने निघून गेले. इथे वाड्यातली किंवा सोसायटीतली माणसे उद्याही भेटणार असतात आणि ती बोलतातही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोह्यांचा ट्रे घेऊन येणाऱ्या मुलीचे मूल्यमापन हा तिच्या मनाचा खेळ नसतो. त्यासाठीच तर मंडळी जमलेली असतात. त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ ही भीती निव्वळ भ्रम ठरवून उडवून लावता येत नाही. तपासण्याजोगी गोष्ट आहे ती तिचे प्रमाण: लोक किती बोलतील, किती दिवस बोलतील आणि त्याने आपले नेमके काय बिघडेल.

हे प्रमाण सर्वाधिक सुटते ते रात्री. प्रसंग संपला, माणसे घरी गेली, तरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याची उजळणी सुरू होते, आणि पुरावा म्हणून हाताशी असते ते पुन्हा तेच आतून काढलेले चित्र. प्रत्येक उजळणीत ते अधिक विद्रूप होत जाते आणि पुढच्या आमंत्रणाच्या वेळी नकाराचे कारण म्हणून उभे राहते.

बुजरा स्वभाव आणि आजार यांच्यात भेद करायला हवा. चार नव्या माणसांत गप्प बसणारा भिडस्त माणूस सुखाने जगू शकतो. मात्र ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, प्रसंगाच्या मानाने ती फार मोठी असली आणि तिच्यापायी शिक्षण, नोकरी किंवा नातीगोती अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञ तिला सोशल अँग्झायटीचा विकार मानतात. बहुधा ती किशोरवयात सुरू होते, आणि ‘मुलगा शांत आहे’ म्हणून घरात तिचे कौतुकही होत राहते. काही रुग्णांना मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे दिली जातात; एखाद्या भाषणापुरता हातांचा कंप रोखण्यासाठी कधी कधी प्रोप्रॅनोलॉल हे अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारे औषध दिले जाते, परंतु दमा असलेल्यांना ते घातक ठरू शकते, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून ते घेऊ नये. कुणाकडे जावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

ज्या मानसोपचाराचा सर्वाधिक उपयोग दिसून आला आहे, त्यात धीर देण्यापेक्षा प्रयोगांवर भर असतो. वेल्स, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९५ सालीच एका छोट्या अभ्यासात दाखवले होते की, भीतिदायक प्रसंगाला नुसते सामोरे जाण्यापेक्षा युक्त्या सोडून सामोरे गेल्यास भीती अधिक उतरते. या मार्गाची एक जुनी कथा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः सांगत. एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले आणि बाकावर बसलेल्या १३० जणींशी बोलायला गेले. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. त्यांची धास्ती मात्र गेली, कारण आरडाओरडा, पोलीस, अपमान यांपैकी मनात कल्पिलेले काहीच घडले नव्हते.

उपचारात हेच काम लहान पायऱ्यांनी होते आणि त्यासाठी वहीत दोन रकाने पुरतात. डावीकडे प्रसंगापूर्वीचे भाकीत लिहायचे, तेही मोघम नव्हे तर पडताळता येईल असे: ‘काकूंकडे कपबशी सैल धरून नेईन, मुद्दाम थोडी किणकिण होऊ देईन, सगळे गप्प होऊन माझ्या हातांकडे बघतील.’ मग लक्ष हातांवरून काढून समोरच्या चेहऱ्यांवर ठेवायचे आणि घरी आल्यावर, रात्रीची उजळणी सुरू होण्याआधी, जे दिसले तेवढेच उजवीकडे लिहायचे: ‘चहा बशीत सांडला. काकांनी बघितले. काकूंनी बशी घेतली आणि साखर कमी घातली आहेस ना, असे विचारले.’