रेंजफाइंडरने जवळचे टिपताना : लेन्स आणि जोडसामान घेण्याआधी वाचा

गणेशचवथ आटोपली की दर वर्षी कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन गोव्यातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर येतो आणि विचारतो, "याचा फोकस बिघडलाय का बघा." माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेली कवंडळे, घागऱ्यांच्या शेंगा, सुपारीचे घोस मोठ्या हौसेने जवळून टिपलेले असतात. खिडकीतून पाहताना चौकट अगदी नेमकी बसलेली असते. फिल्म धुऊन येते तेव्हा कवंडळाचे डोके कापलेले आणि उरलेले सगळे धूसर. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काहीही बिघाड नसतो. रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्याची रचनाच तशी आहे, आणि ती एकदा समजली की त्याच कॅमेऱ्याने शेंगेवरची लवसुद्धा टिपता येते.

खिडकी एक पाहते, लेन्स दुसरे

एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला असते. दोन्हींत उभे अंतर ४ सेंटिमीटर धरा. समोरचे घर टिपताना या ४ सेंटिमीटरने काही फरक पडत नाही. पण १२ सेंटिमीटर उंचीची चौकट टिपताना तेवढ्यानेच चित्राचा एक तृतीयांश भाग सरकतो. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकसबरोबर चौकटीच्या रेषा सरकतात, पण लेन्सच्या किमान अंतरापर्यंतच.

ते किमान अंतर हीच दुसरी अडचण. बहुतेक रेंजफाइंडर लेन्स ७० सेंटिमीटर ते १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. ५० मिमी लेन्स ७० सेंटिमीटरवर ठेवली तर सुमारे २८ बाय ४२ सेंटिमीटरचा भाग चौकटीत येतो. आरतीचे ताट छान मावते, ताटातले जास्वंदीचे फूल मात्र लहानच राहते.

म्हणून लेन्सची किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवा, अशी आमची विनंती आहे. टिपायची वस्तू केवढी आहे? आणि एवढ्या जवळून चौकट व फोकस तुम्ही कशाने पाहणार किंवा मोजणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर महागातली महाग लेन्सही कामाला येत नाही.

सुरुवात क्लोज-अप फिल्टरने करा

हे फिल्टरसारखे लेन्सपुढे फिरवून बसवायचे भिंग. त्यावर +१, +२, +४ असा आकडा असतो, तो डायऑप्टर. हिशेब सोपा आहे : लेन्स अनंतावर ठेवली की +१ चा फोकस फिल्टरपासून १ मीटरवर, +२ चा ५० सेंटिमीटरवर आणि +४ चा २५ सेंटिमीटरवर. ५० मिमी लेन्सवर +४ लावले तर १२ बाय १८ सेंटिमीटरची चौकट मिळते. ९० मिमीवर तेच भिंग साधारण ७ बाय १० सेंटिमीटरवर आणून ठेवते, आणि अंतर तेवढेच राहते. याने उजेड कमी होत नाही, त्यामुळे लाइट मीटरच्या आकड्यात बदल करावा लागत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यांना तर हाच मार्ग आहे (त्याच्या ४५ मिमी लेन्सला ५५ मिमीचा फिल्टर बसतो).

आता मोजायचे कसे? आम्ही माडाचा हीर वापरतो. झावळीतून एक सरळ हीर काढा, बरोबर २५ सेंटिमीटरवर कापा. एक टोक फिल्टरच्या कडेला टेकवा (काचेला नको), दुसरे टोक वस्तूपाशी न्या. टोक जिथे पोचले तिथे फोकस. हीर बाजूला घ्या आणि कॅमेरा न हलवता बटण दाबा. टेपपेक्षा हीर बरा, कारण तो टेपसारखा दुमडत नाही आणि फुलाला लागला तरी पाकळी फाटत नाही. चौकटीसाठी जाड तारेचा १३ बाय १९ सेंटिमीटरचा चौकोन वाकवून घ्या आणि दोन काड्यांवर कॅमेऱ्याखालच्या पट्टीला असा जोडा की तो त्याच २५ सेंटिमीटरवर उभा राहील. कडेचा अर्धा सेंटिमीटर सोडून तारेच्या आत जे आहे ते फोटोत येणार. मग खिडकीतून पाहायची गरजच उरत नाही.

तारेची जागा खात्रीने ठरवायची असेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. मागचे झाकण पूर्ण उघडणाऱ्या कॅमेऱ्यात फिल्म घालण्याआधी, फिल्म जिथून सरकते त्या दोन्ही रुळांवर बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. शटर 'बी'वर (दाबून धरेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे बटणाला लावायच्या लवचीक तारेने, उघडे धरा, अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेडाचे भोक) पूर्ण उघडा. कागदावर उलटी प्रतिमा उमटते, लेन्स पाहते तशीच. कागद रुळांच्या आत ढकलू नका. कापडी पडद्याच्या शटरला बोट लागले तर दुरुस्ती महागात जाते.

फिल्टर घेताना एकाच काचेचा स्वस्त संच घेतलात तर कडांना रंगांची किनार दिसेल. दोन काचा जोडलेला अ‍ॅक्रोमॅट घ्या; कॅननचे २५०डी (+४) आणि ५००डी (+२) हे त्या जातीचे. लेन्सचा आटा लहान असेल, समजा ३९ मिमी, तर स्टेप-अप रिंग लावून मोठा फिल्टर बसवता येतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सातआठ जणांचे काम इथेच भागते, आणि ते आम्ही तोंडावर सांगतो.

त्याहून जवळ जायचे असेल तर

लायका एम माउंटसाठी (लायकाच्या एम रेंजफाइंडरांची लेन्स बसवायची जोडणी) मुद्दाम जवळच्या कामाच्या लेन्स आहेत. १९५० आणि ६० च्या दशकांतली ड्युअल रेंज सुमिक्रॉन ५० मिमी एफ/२ तिच्या चष्म्यासह ४८ सेंटिमीटरपर्यंत जाते. हा चष्मा खिडकीपुढे बसतो आणि पॅरलॅक्स व फोकस दोन्ही सुधारतो. जुनी घेताना चष्मा त्याच लेन्सचा आहे का, नीट बसतो का, हे फिल्म टाकून तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. मॅक्रो-एल्मार-एम ९० मिमी एफ/४ ही २००३ सालची लेन्स अ‍ॅडॉप्टरशिवाय ७७ सेंटिमीटरवर थांबते. चष्म्याच्या अ‍ॅडॉप्टरसह १:३ मिळते (फिल्मवर वस्तू खऱ्याच्या एक तृतीयांश उमटते), म्हणजे साधारण ७ बाय ११ सेंटिमीटरची चौकट. २०१४ चा नवा अ‍ॅडॉप्टर १:२ पर्यंत नेतो, पण त्याला चष्मा नाही. तो लाइव्ह व्ह्यू असलेल्या कॅमेऱ्यासाठीच आहे.

लाइव्ह व्ह्यूमुळे खरोखरच सगळे बदलले. २०१२ साली जाहीर झालेल्या लायका एम टाइप २४० पासून पडद्यावर थेट लेन्समधले दृश्य दिसते. एम १० आणि एम ११ मध्येही ते आहे. एम ८ आणि एम ९ मध्ये नाही. तुमच्याकडे लाइव्ह व्ह्यू असेल तर साधी एक्स्टेंशन ट्यूबही (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायची पोकळ नळी) चालते. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, एवढे मोठेपण वाढते : ५० मिमीवर २५ मिमीची ट्यूब म्हणजे १:२. इथे मात्र उजेड घटतो. १:२ वर सव्वादोन पट जास्त उजेड लागतो, म्हणजे एका स्टॉपहून (उजेड दुप्पट करणाऱ्या एका पायरीहून) थोडा अधिक. लेन्समधून मोजणारा मीटर हे आपोआप धरतो, हातातला मीटर धरत नाही.

मिररलेस (लेन्समधले दृश्य पडद्यावर दाखवणारा, आरसा नसलेला) कॅमेरा घरात असेल तर एम लेन्स त्यावर फोकसच्या चक्राच्या अ‍ॅडॉप्टरने लावून पाहा. रेंजफाइंडर बाहेरच्या कामाला, जवळचे मिररलेसवर. यात कमीपणा काही नाही.

व्हिसोफ्लेक्स हा कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा जुना आरशाचा डबा. त्याचे दुसरे-तिसरे रूप सुमारे ४० मिमी जाडी वाढवते, म्हणून साधी ५० मिमी त्यावर फक्त अगदी जवळचेच पाहते. ६५ मिमी एल्मार त्याच्यासाठीच बनवली होती. आता सगळे सेकंडहँड. पहिला व्हिसोफ्लेक्स आणि नंतरचे दुसरा-तिसरा यांचे भाग एकमेकांत मिसळत नाहीत, एवढे लक्षात ठेवा.

फोकसची जाडी आणि उजेड

एफ/८ वर १:५ ला साधारण दीड सेंटिमीटर जाडी फोकसमध्ये राहते. १:३ ला ६ मिमी, १:२ ला ३ मिमी, आणि १:१ ला जेमतेम १ मिमी. पावसाळ्यात आपल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) दवबिंदू उगवते. त्या कीटकभक्षी झाडाच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. एफ/८ वर १:२ ला समोरच्या केसांचे थेंब मण्यांसारखे स्वच्छ येतात आणि मागच्या केसांचे नुसते गोल डाग होतात. म्हणून कॅमेरा पानाला समांतर धरणे हे महाग लेन्सपेक्षा जास्त कामाचे. मिलिमीटरने पुढेमागे सरकवणारी रेल त्याच साठी घ्यायची. ट्रायपॉड खाली जमिनीलगत बसणारा हवा. केबल रिलीज हवीच. ती स्वस्त आहे.

वाऱ्याने फूल डुलत असेल तर एक हीर बाजूला रोवून देठाला कपड्याच्या चिमट्याने सैल आधार द्या. उपटू नका. मोले, बोंडला, खोतीगावच्या अभयारण्यांत तर पानालाही हात लावू नका. मळभात फ्लॅश लागला तर पुढे बटर पेपर धरा आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा. कापडी पडद्याच्या शटरवर फ्लॅश साधारण १/५० सेकंद किंवा त्याहून मंद वेगालाच जुळतो, लीफ शटरवर (लेन्समध्येच बसलेल्या पात्यांच्या शटरवर) हा त्रास नाही.

पोर्तुगीजकालीन नाणी किंवा घरातले मोडी कागद टिपणाऱ्यांना रेलही नको. कॅमेरा खाली तोंड करून बसणारा कॉपी स्टँड, +४ चा फिल्टर आणि खिडकीचा बाजूने येणारा उजेड पुरे. नाण्यावरची अक्षरे तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

पावसाळ्यात सांभाळणे

एका जूनमध्ये मी माझी ५० मिमी लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवली. नवरात्रात काढली तेव्हा मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. साफ करून घेतली, तरी काचेवरचा लेप गेला तो गेलाच. चामडे ओल धरून ठेवते. आपल्याकडे ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. परवडत नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा आत. तांदूळ घालू नका, त्याची धूळ उडते. आणि महिन्यातून दोनदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा.

दुकानात येताना कॅमेरा, लेन्स आणि शक्य असेल तर जे टिपायचे आहे ते, शेंग असो की नाणे, सोबत आणा. आमच्या टेबलावर फिल्टर लावून, हीर कापून, बटर पेपरवर प्रतिमा दाखवून मगच काय घ्यायचे ते ठरवू. कधी काहीच घ्यावे लागत नाही, तेही सांगू.