क्वांटम कणाचे घर्षण

क्वांटम कणाची ऊर्जा भोवतालच्या द्रव्यात मुरत जाऊन त्याची गती मंदावणे. (सरकत्या पृष्ठभागांमधले निर्वात घर्षण हा निराळा विषय आहे.)

न्यूटनच्या समीकरणात वेगाच्या प्रमाणातले रोधक पद मिळवले की काम भागते. क्वांटम कणाची गती सांगणाऱ्या श्रोडिंगर समीकरणाचा पाया हॅमिल्टोनियन (प्रणालीच्या एकूण ऊर्जेची राशी) असल्याने तिथे ही सोय नाही. काल्दिरोला (१९४१) आणि कानाई (१९४८) यांनी वस्तुमान काळाबरोबर घातांकी वाढते असे मानले. गती बरोबर निघाली; पण स्थान व गतिज संवेग यांचा क्रमविनिमयक (दोन्हींचा गुणाकार उलटसुलट क्रमाने केल्यास येणारा फरक) शून्याकडे घसरतो आणि अनिश्चितता तत्त्व मोडते. घर्षणाबरोबर माध्यमाचे यादृच्छिक धक्केही येतात, तेच इथे गाळलेले आहेत.

काल्डेरा आणि लेगेट यांनी १९८१ मध्ये कण माध्यमाच्या जागी मानलेल्या असंख्य आंदोलकांना जोडला आणि नंतर त्या आंदोलकांची बेरीज घेतली. जोडणीची वर्णपटीय घनता (कोणत्या वारंवारतेच्या आंदोलकांशी जोडणी किती, याचे माप) वारंवारतेच्या सम प्रमाणात ठेवली की नेहमीचे वेगानुसारी घर्षण मिळते. मात्र या जोडणीने स्थितिज ऊर्जेचा आकारही बदलतो. भरपाईचे पद घातले नाही तर कणापुढचा ऊर्जेचा अडथळा आपोआप खुजा होतो आणि घर्षणामुळे टनेलिंग (पुरेशी ऊर्जा नसताना अडथळा पार करणे) वाढले, असा उलटा निष्कर्ष निघतो.

प्रत्यक्षात ते घटते. केवल शून्य तापमानाला टनेलिंग दराच्या ऋण घातांकात सुमारे घर्षणांक गुणिले अडथळ्याच्या रुंदीचा वर्ग, भागिले लघुकृत प्लांक स्थिरांक, एवढी भर पडते. अर्थात रुंद अडथळ्याला फटका जास्त. ज्याच्या वर उष्णतेने अडथळ्यावरून उडी आणि खाली टनेलिंग प्रभावी ठरते, ते संक्रमण तापमानही उतरते: अडथळ्याच्या माथ्याची कोनीय वारंवारता सेकंदाला १०० अब्ज रेडियन असेल तर ते घर्षणाविना ०.१२ केल्विन असते. घर्षणांक भागिले वस्तुमान त्या वारंवारतेएवढेच असेल तर ०.०७५ केल्विन. त्याखाली दराचा लॉगरिदम तापमानाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, ही घर्षणाची चांगली खूण.

तपासायला सोयीची प्रणाली म्हणजे जोसेफसन संधी (पातळ थराने विलग केलेले दोन अतिवाहक). तिथे दोन अतिवाहकांमधले कलांतर हे स्थान, धारकता हे वस्तुमान आणि समांतर रोध हे घर्षण; रोध जितका कमी तितके घर्षण जास्त. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना अशा परिपथांतील टनेलिंग व ऊर्जापातळ्यांच्या प्रयोगांसाठी २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ऊर्जा ओसरण्याच्या कितीतरी आधी सुसंगती (अध्यारोपणातल्या, म्हणजे एकाच वेळी असलेल्या, अवस्थांमधला ठरावीक कलासंबंध) जाते. उच्च तापमानाला दोन स्थानांच्या अध्यारोपणाचा ऱ्हासदर अंतराच्या वर्गाने वाढतो. यासाठी वापरले जाणारे, वरच्या प्रारूपातून निघालेले काल्डेरा-लेगेट समीकरण थंड प्रणालीत सरसकट लावू नये. अगदी अल्प काळात ते ऋण संभाव्यता देऊ शकते.