शेळ्यांना भाजीपाला खाऊ घालणे (कोल्हापूर परिसर)

परसात, मळ्यात किंवा मंडईत उरलेला भाजीपाला शेळ्यांना अपाय न होता चारण्याची रीत. कोल्हापूर जिल्ह्यात ती घरोघरची आहे. घरामागच्या परड्यात दोडक्याचा मांडव, वरण्याचा वेल, चार झाडे वांग्या-मिरचीची आणि कडेला बांधलेली दोन शेरडे हे चित्र करवीरपासून चंदगडपर्यंत कुठेही दिसते. भाजी निवडून झाली की देठ, साली, जून पाने आपसूक शेळीपुढे जातात. शहरात कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईतून कोबी-फ्लॉवरची बाहेरची पाने पोत्याने नेणारेही आहेत.

‘शेळीला काय, काहीबी चालतंय’ ही समजूत मात्र खरी नाही. शेळी चोखंदळ असते. गाय-म्हैस जिभेने गवत ओढते. शेळी हलत्या वरच्या ओठाने शेंडे आणि कोवळी पाने निवडून खुडते. तुडवलेले, लेंड्या लागलेले ती हुंगून सोडते. रानात मोकळी फिरणारी शेळी दहा झाडांना तोंड लावते, त्यामुळे एखाद्या वाईट पाल्याचे चार घास तिला सहसा बाधत नाहीत. दावणीला बांधून पुढ्यात एकाच भाजीचा ढीग टाकला की तिची निवडच संपते. भाजीपाल्याने होणाऱ्या बहुतेक विषबाधा आणि पोटफुग्या अशा उपाशी, बांधलेल्या शेळ्यांत होतात.

पोट आणि प्रमाण

शेळी रवंथ करणारी. तिच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात (रुमेन) असंख्य जिवाणू चारा आंबवतात. रोजच्या चाऱ्यानुसार त्यांचे प्रकार ठरतात आणि चारा बदलला की त्यांना जुळवून घ्यायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नवी भाजी पहिल्या दिवशी मूठभर द्यायची आणि हळूहळू वाढवायची.

दुसरा प्रश्न पाण्याचा. 30 किलो वजनाच्या शेळीला दिवसाला साधारण 1 किलो शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे चाऱ्यातले पाणी वगळून उरणारा भाग. कोबीत सुमारे 92 टक्के पाणी असते. 1 किलो कोबीतून जेमतेम 80 ग्रॅम शुष्क पदार्थ मिळतो. नुसत्या कोबीवर शेळी पोसायची तर रोज बारा किलो लागेल, आणि तेवढा खाण्याआधीच ती हगवणीने बसेल. भाजी हे शेळीचे तोंडीलावणे आहे, जेवण नव्हे. जेवण म्हणजे शाळूचा कडबा, भुईमुगाचा वाळला पाला, भाताचे पिंजर, शेवरी-सुबाभळीच्या डहाळ्या. मोठ्या शेळीला अर्धा किलोपर्यंत भाजीपाला, तोही सकाळी कोरडी वैरण खाल्ल्यानंतर, हे सोसणारे प्रमाण आहे.

कोल्हापूरची एक खास अडचण इथेच येते. उसाचा हंगाम सुरू झाला की जनावरांपुढे वाढेच वाढे (उसाचे हिरवे शेंडे) असतात. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. पालक, चुका, पोकळा, राजगिरा आणि बिटाची पाने यांतही ऑक्झलेट भरपूर. सकाळी वाढे आणि संध्याकाळी चुक्या-पालकाची जुडी असा बेत गाभण किंवा दुभत्या शेळीला बाधतो. वाढे चालू असताना पालेभाजी हवीच तर मेथी, कोथिंबीर, गाजराचा पाला किंवा शेवगा द्यावा. शेवग्याचा पाला प्रथिनांनी इतका चांगला की परड्यातल्या एकाच झाडाने दोन शेळ्यांना मोठा आधार होतो.

निर्धोक भाज्या

तांबडा भोपळा, दुधी, दोडका, काकडी, गाजर, भेंडीची झाडे, रताळ्याचे वेल, मक्याची ताटे आणि कणसांची सोलपटे, घेवडा-वरण्याचे वेल हे सगळे चालते. गाजर, बीट, रताळे, बटाटा असले गोल-टणक काही सबंध देऊ नये. शेळी घाईने गिळते आणि तुकडा घशात अडकतो. मग डकार बाहेर पडत नाही आणि पोट फुगते. बोटाएवढ्या लांबट फोडी कराव्यात. कडू लागणारा दुधी किंवा दोडका माणसाने टाकला असेल तर तो शेळीलाही देऊ नये.

जपून द्यायच्या भाज्या

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल या वर्गातल्या भाज्यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. गाभण शेळीला त्या आठवडेच्या आठवडे दिल्या तर गळ्याला गाठ असलेली करडे जन्मू शकतात. मंडईतून पोत्याने कोबी आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच पोत्यात सुतळी, रबर आणि कॅरीबॅगचे तुकडेही येतात. प्लास्टिक रुमेनमध्ये साठून राहते आणि शेळी खंगत जाते. ढीग ओतून हाताने निवडल्याशिवाय गव्हाणीत टाकू नये.

कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. गायीपेक्षा शेळी-मेंढीला कांदा जास्त सोसतो, तरी रोजचा रतीब नको. शिवाय दुधाला वास येतो आणि चहा कुणी पीत नाही.

नायट्रेटचा धोका पावसाळ्यात विशेष. युरिया टाकलेल्या पालेभाजीला कडक ऊन मिळाले नाही की नायट्रेट पानांतच साठते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, त्या काळातला मुळ्याचा किंवा माठाचा पाला म्हणून थोडाच द्यावा. रुमेनमध्ये नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात गेले की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. हिरड्या निळसर-तपकिरी पडणे, धाप लागणे आणि तोल जाणे ही लक्षणे दिसली की तासाभराचाही उशीर परवडत नाही.

देऊ नयेत अशा

बटाट्याचा पाला, हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले बटाटे, टोमॅटोची आणि वांग्याची झाडे. यांतली सोलॅनिनसारखी द्रव्ये पोट आणि मज्जासंस्था दोन्ही बिघडवतात. पिकलेला टोमॅटो एखाद-दुसरा चालतो. हंगाम संपल्यावर उपटलेली झाडे मात्र शेळ्यांपुढे टाकायची नाहीत. बुरशी आलेली किंवा किडकी रताळी फुप्फुसाला घातक असतात. फुटव्यातल्या कोवळ्या ज्वारीचे पोंगे ही भाजी नव्हे, पण मळ्याच्या बांधावर तीच पहिली तोंडात जाते. त्यात सायनाइड तयार होते. परड्याच्या कुंपणाची कण्हेर, घाणेरी आणि एरंडाच्या बियाही याच यादीत. कण्हेरीची थोडी पानेसुद्धा हृदय बंद पाडतात, आणि छाटणी केलेली वाळकी पाने तितकीच विषारी राहतात.

घरातले शिळे अन्नही इथेच मोजावे. लग्नातला उरलेला भात, चपात्या पाटीभर ओतल्या तर रुमेनमध्ये आम्ल वाढून शेळी दुसऱ्या दिवशी उठत नाही. बकरी ईदसाठी बोकड लवकर भरावा म्हणून धान्याचा मारा करणाऱ्यांनाही हाच फटका बसतो. शिवाय बोकडाची, विशेषतः खच्ची केलेल्याची, लघवी मुतखड्याने अडते.

फवारणी

झाडाच्या अंगच्या विषापेक्षा माणसाने फवारलेले विष जास्त भोवते. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची मोठ्या प्रमाणावर होते. वांग्याला शेंडा व फळ पोखरणारी अळी लागते, म्हणून फवारण्याही वारंवार होतात. तोडणीत किडकी वांगी बाजूला पडतात आणि बांधावरच्या शेळ्यांना मिळतात. बाजारात न्यायच्या मालासाठी जो प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) डब्यावर छापलेला असतो तोच शेळीलाही लागू आहे, पण टाकाऊ मालाचा हिशेब कोण ठेवतो! धुतल्याने वरवरचे औषध काही प्रमाणात जाते, आत मुरलेले जात नाही. लाळ गळणे, बाहुली बारीक होणे, अंग थरथरणे दिसले तर डॉक्टरांना औषधाचा डबाच दाखवावा. उतारा त्यावर ठरतो.

चारण्याची पद्धत आणि पोटफुगी

पाला जमिनीवर न टाकता जुडी बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगतात. नासाडी टळते आणि जंतांच्या अळ्याही पोटात जात नाहीत. दवाने किंवा पावसाने ओला झालेला कोबी, लसूणघास, घेवड्याचा वेल दोन-तीन तास सुकवून मग देतात.

डावी कूस ढोलकीसारखी ताणली, शेळी पाय झाडू लागली, रवंथ थांबली की पोटफुगी समजावी. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून शेळी उभी करतात आणि 50 ते 100 मि.ली. गोडेतेल सावकाश पाजतात, म्हणजे फेस मोडतो. पाजताना मान वर ताणली तर तेल श्वासनलिकेत उतरते. पोटफुगीतून वाचलेली शेळी मग फुप्फुसाच्या दाहाने जाते. फरक पडला नाही तर 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवा मागवता येते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेतलेली असावी, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या हिरव्यावर तुटून पडलेल्या कळपात हाच आजार रात्रीत करडे नेतो.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांसारखा पूर ओसरल्यावर पंचगंगेकाठच्या मळ्यांत भाजी गाळाखाली कुजते. वैरण बुडालेली असल्याने तीच धुऊन चारण्याचा मोह होतो. बुरशी आणि कुजकेपणा धुऊन जात नाही. अशा वेळी उंचावरच्या झाडांच्या डहाळ्या तोडून आणणे हाच निभावाचा मार्ग.